मरून रंगाखालची रेघ

माझ्या सासूबाईंच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावरची काळी रेघ मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक होती. नखाच्या मुळापासून टोकापर्यंत, सरळ. मी त्यांना एक प्रश्न विचारला, त्यांनी दिलेलं उत्तर ऐकलं आणि त्या नखावर मरून नेलपॉलिशचे दोन हात मारले. हे मला कधीतरी सांगावंच लागणार होतं, म्हणून आधीच सांगून टाकते.

बजाजनगरात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं ब्यूटी पार्लर आहे. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, पडद्यामागं फेशियलचा पलंग. नवरा वाळूजला कंपनीत शिफ्टवर. माझं गिऱ्हाईक सगळं आजूबाजूचंच. कामगारांच्या बायका, पॅकिंगला जाणाऱ्या मुली, शाळेतल्या मॅडम. भुवया आणि केस कुठलंही पार्लर करतं, मला पायांचं काम आवडायचं. कोमट पाण्याच्या टबात पाय सोडले की बाई आपोआप बोलायला लागते, आणि नाही बोलली तरी पायांवरून बरंच कळतं.

हे कळण्याचा मला गर्व होता. पॅकिंगला जाणारी एक मुलगी होती, काडीसारखी. तिची नखं मधून खोलगट झालेली, कडा वर आलेल्या, चमच्यात पाणी राहावं तसा पाण्याचा थेंब नखावर राहायचा. मी तिला रक्त तपासायला सांगितलं. तिच्या अंगात रक्त इतकं कमी निघालं की डॉक्टरांनी तिला त्याच दिवशी दवाखान्यात भरती केलं. बरी झाल्यावर ती पेढे घेऊन आली. दुसऱ्या एका बाईच्या दहाही नखांवर आडवा खळगा होता, एकाच उंचीवर. मी विचारलं, "दोन-तीन महिन्यांखाली मोठं दुखणं काढलं का तुम्ही?" बाई माझ्या तोंडाकडं बघत राहिली. तिला डेंग्यू झाला होता, आठ दिवस शुद्ध नव्हती. अंग फार आजारी पडलं की नखाची वाढ थांबते, पुन्हा सुरू होताना खाच राहते, एवढं मी कुठंतरी वाचलेलं होतं. पण त्या बाईनं गल्लीभर सांगितलं की पार्लरवाल्या ताईला नखावरून आजार कळतो. मलाही ते खरं वाटायला लागलं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. करमाडला त्यांनी अंगणवाडीत मदतनीस म्हणून जन्म काढला. सासरे गेले तेव्हा माझा नवरा सात वर्षांचा, नणंद पाच आणि धाकटा दीर पाळण्यात. त्या सव्वीस वर्षांच्या. तेव्हापासून त्यांनी बांगडी घातली नाही, की रंगीत काठाचं लुगडं नेसलं नाही. करमाडच्या बौद्ध वस्तीतल्या विहारात असल्या चालीरीतींच्या विरुद्ध भाषणं व्हायची. त्या पहिल्या रांगेत बसून ऐकायच्या, टाळ्या वाजवायच्या आणि घरी येऊन पुन्हा पांढरंच नेसायच्या. कुणी जबरदस्ती केली नव्हती. सवय झाली होती. काम सुटल्यावर त्या चिकलठाण्याला धाकट्या दिराकडं राहायला आल्या.

नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं त्या उन्हाळ्यातली गोष्ट. लग्नाच्या आदल्या दिवशी घरातल्या सगळ्या बायका माझ्याकडं जमल्या. कुणाच्या भुवया, कुणाची मेंदी. आत्याबाई कोपऱ्यात स्टुलावर बसून लसूण सोलत होत्या. मी म्हटलं, "या, आता तुमचा नंबर."

"माझा कशाचा नंबर? मी काय नवरी हाय व्हय?"

"पाय तरी धुऊन देते."

"सून सासूचे पाय धुती म्हणून गावभर करशील," असं म्हणत त्या आल्या, आणि टबात पाय सोडल्याबरोबर डोळे मिटून घेतले. टाचांना खोल भेगा होत्या, त्यात वर्षानुवर्षांची माती. मी दगडानं घासत होते आणि त्या मधेच हुंकार देत होत्या. त्यांच्या शरीराला मी लग्नानंतर पहिल्यांदाच हात लावत होते, पाया पडणं सोडून.

तेव्हा ती रेघ दिसली.

"हे काय झालं, आत्याबाई?"

त्यांनी वाकून बघितलं. "सिलेंडर घरंगळलं व्हतं पायावर. मागच्या थंडीत."

मी मान हलवली. मार लागून नख काळं पडणं रोजचंच. कंपनीतल्या लोकांच्या पायावर लोखंड पडतं, बायकांच्या पायावर पाटा नाहीतर वरवंटा. मी मरून रंगाची बाटली उघडली.

"नको गं बाई. लोक काय म्हणतील? या वयात, अन् असल्या बाईला रंग?"

"आपल्यात कुठं पाळतात असलं?" मी म्हटलं. "आणि तो काळा डाग तरी झाकून जाईल. लग्नात किती फोटो निघतील."

दहाही नखं रंगवून झाल्यावर त्या बराच वेळ पाय पुढं करून बसल्या. वाळल्यावरही उठेनात. नणंद हसून म्हणाली, "आई, बघून झालं असलं तर ऊठ आता." त्या उठल्या आणि नवी चप्पल घालताना अंगठा पट्ट्याला घासू नये म्हणून जपून पाय घातला. लग्नाच्या फोटोंत त्यांचं पांढरं लुगडं चार बोटं वर धरलेलं दिसतं.

महिन्यानं त्या एकट्याच चिकलठाण्याहून सिटी बसनं आल्या. पिशवीत माझ्या मुलीसाठी पेरू होते. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि मग म्हणाल्या, "तुझा तो रंग निघायलाय बघ."

तिथून ते सुरू झालं. दर महिन्याला, पहिल्या नाहीतर दुसऱ्या मंगळवारी, कारण मंगळवारी माझ्याकडं गर्दी कमी असायची. त्या यायच्या, मी पाय टबात घ्यायची, जुना रंग काढायची, नवा लावायची. रंग त्यांनी बदलू दिला नाही. मी गुलाबी सुचवला तर म्हणाल्या, "तो पोरींचा." अशा दुपारी त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांनी माझ्या नवऱ्याला किंवा नणंदेला कधी सांगितलं नसावं. तीस वर्षं दुसऱ्यांची लेकरं भरवताना आपली लेकरं घरी शिळं खायची, हे. सासऱ्यांचा चेहरा आता नीट आठवत नाही, हे. लग्न होऊन बारा वर्षांनी आम्ही दोघी एकमेकींशी बोलायला लागलो होतो.

आणि दर महिन्याला, रिमूव्हरचा कापूस फिरवला की, ती रेघ माझ्यासमोर उघडी पडायची.

ती रुंद होत होती. हे मी तेव्हा पाहिलं नाही असं मला म्हणता येत नाही. दिवाळीच्या सुमारास ती काडेपेटीच्या काडीएवढी जाड झाली होती आणि तिचा एक कडेचा भाग तपकिरी, एक भाग गडद काळा होता. मी कापूस पुन्हा ओला करून जोरात घासला. जाईना.

"काय बघायलीस एवढं?" त्यांनी विचारलं.

"गडद रंग सारखा लावला की डाग पडतो नखावर," मी म्हटलं. पार्लरवाली म्हणून जो आवाज मी गिऱ्हाइकांसाठी वापरते, त्या आवाजात. "एक महिनाभर काहीच नको लावायला. नखाला हवा लागू दे."

त्यांचा चेहरा उतरला. "राहू दे की. अंगणवाडीतल्या बाया भेटल्या तर पाय बघतेत माझे. इचारतेत, कुठं करती म्हणून. मी सांगते, माझी सून करती."

मी रंग लावला.

डाग पॉलिशचा असता तर दहाही नखांना पडला असता. नऊ नखं स्वच्छ होती. एवढा साधा हिशोब माझ्या डोक्यात आला नाही, किंवा आला आणि मी तो बाजूला सारला. आज मी कितीही आठवायचा प्रयत्न केला तरी या दोन्हींतलं खरं कोणतं ते मला ठरवता येत नाही.

पुढचा उन्हाळा आला आणि त्यांचं येणं बंद झालं. एकदा धाकट्या जावेचं बाळंतपण, एकदा ऊन फार, असं कारण सांगितलं. फोनवर बोलायच्या, पण पायाचा विषय काढायच्या नाहीत. पाऊस सुरू झाल्यावर नणंदेचा फोन आला.

"वहिनी, आईच्या अंगठ्याचं नख फाटलंय. पाणी येतंय त्यातून. इथल्या डॉक्टरांनी बुरशी म्हणून मलम दिलं, दोन महिने झाले लावतीय, काही फरक नाही. तुम्ही रोज नखं बघता. जरा येऊन बघा ना."

मी त्याच दुपारी चिकलठाण्याला गेले. आत्याबाई पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. अंगठ्याला हळदीचा लेप आणि वर सुती चिंधी. मी चिंधी सोडली. नख मधोमध उभं चिरलेलं, एका बाजूनं उचललेलं, आणि त्याच्या मुळाशी जी कातडी असते तिच्यावर शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरला होता. बोटाच्या कडेपर्यंत. नखाच्या एका कोपऱ्यात माझ्या मरून रंगाचा कपचा अजून चिकटून होता.

"कधीपासून दुखतंय?"

"दुखत नाय फार."

"आत्याबाई, खरं सांगा."

"चार-पाच महिने झाले असतील," त्या म्हणाल्या. "ठणकतं अधूनमधून. तुला दाखवलं असतं तर तू रंग लावला नसतास."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना जालना रोडवरच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडं घेऊन गेले. नवऱ्याची दिवसपाळी होती, म्हणून आम्ही दोघीच. डॉक्टर माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी हातात धरायच्या दिव्याच्या भिंगातून अंगठा बघितला. मग बाकीची नखं बघितली, हातांचीही. मग पुन्हा अंगठा. त्या काही बोलत नव्हत्या, आणि मला गिऱ्हाइकाच्या पायाशी बसलेली मी आठवत होते. मीही अशीच गप्प बसून बघायची, आणि मग कौतुक व्हावं अशा आवाजात सांगायची.

"हे कधीपासून आहे?"

"मार लागला होता," मी घाईनं म्हटलं. "सिलेंडर पडलं होतं. दीड वर्षापूर्वी. त्याचं काळं रक्त..."

"पायाचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं," डॉक्टर म्हणाल्या. "मार लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढं सरकतं. मुळाकडून नवं स्वच्छ नख येतं आणि वर्ष-दीड वर्षात डाग टोकाला जाऊन कापला जातो. हा डाग पुढं सरकलाच नाही. तो मुळातूनच येतोय. आणि आता कातडीत उतरलाय."

मला हे माहीत होतं. कुणी शिकवलेलं नाही, माझ्या डोळ्यांनी बघितलेलं. शेकडो पायांवरचे काळे डाग मी महिन्या-महिन्याला पुढं सरकताना पाहिले होते. "अजून चार महिन्यांत जाईल बघा," असं मी बायकांना खात्रीनं सांगायची, आणि ते जायचे. सासूच्या नखावरची रेघ मुळापासून टोकापर्यंत तशीच उभी होती, वर्षभर, माझ्या मांडीवर.

डॉक्टरांनी चिमट्यानं तो मरून कपचा उचलला. "नेलपॉलिश लावत होता?"

मी उत्तर द्यायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "माझी हौस व्हती, मॅडम."

तुकडा तपासायला गेला. नखाखालच्या रंग तयार करणाऱ्या पेशींचा कर्करोग निघाला. रिपोर्ट आणायला माझा नवरा आणि दीर गेले होते. नवरा घरी येऊन बूट न काढता बाहेरच्या खोलीत, गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसला. "नखाला पण होतो का गं?" त्यानं मला विचारलं. "तू कधी बघितलाय का असा?"

"नाही," मी म्हटलं.

सरकारी दवाखान्यात त्यांचा अंगठा काढला. जांघेतल्या गाठीही काढल्या, त्यांतल्या दोन खराब निघाल्या. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पायाकडं बघितलं. बँडेजचा गोळा होता नुसता. "अंगठा कुठं ठेवला?" त्यांनी नर्सबाईला विचारलं. नर्सबाई गडबडल्या. "तपासायला नेला, आजी." "मग परत देतेत का?" आम्ही हसलो, त्याही हसल्या, आणि मग तोंडावर पदर घेऊन रडल्या. माझ्या देखत त्या रडल्या त्या एकदाच.

अंगठा नसला की चालताना तोल जातो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. शरीराचं किती वजन त्या एका बोटावर असतं ते त्यांना भिंत धरून चालताना बघून कळलं. दोन वेळा त्या न्हाणीत पडल्या.

याच दिवसांत मी चिकलठाण्याला मुक्कामाला होते, आणि एकदा दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी जखमेवरची पट्टी बदलून हात धुऊन आले आणि त्यांच्या पलंगाच्या कडेला बसले. बोलायचं ठरवून आले नव्हते.

"आत्याबाई, मला ते दर महिन्याला दिसत होतं."

"काय?"

"रेघ. रुंद होत होती. मी रंग काढायची तेव्हा दिसायची. मी तुम्हाला पॉलिशचा डाग म्हणून सांगितलं. मला खात्री नव्हती, तरी सांगितलं."

मला वाटलं होतं त्या म्हणतील, जाऊ दे, तुला काय माहीत. म्हणजे खरं तर तसं ऐकायला मिळावं म्हणूनच मी बोलले असेन. त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं.

"दिसत व्हतं तर बोलायचं व्हतंस," त्या म्हणाल्या. "मला काय, मी आडाणी. रंग दिसला की खूश."

त्यानंतर तीन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. औषध दिलं तर घ्यायच्या, ताट दिलं तर जेवायच्या. चौथ्या दिवशी पाणी मागितलं. तेव्हापासून हळूहळू बोलणं सुरू झालं, पण मंगळवारच्या दुपारसारखं बोलणं पुन्हा झालं नाही. त्या विषयावर त्यांनी कुणाजवळ शब्द काढला नाही. नणंदेजवळही नाही. उरलेली नखं मात्र त्यांनी मला कापू दिली नाहीत. नणंद आली की तिच्याकडून कापून घ्यायच्या.

मी नवऱ्याला सांगितलं. त्यानं हातातला मोबाईल उलटा करून ठेवला. मग म्हणाला, "आई जिवंत आहे तोवर ताईला सांगू नको. घर फुटंल." मी ऐकलं. मला ते सोयीचंच होतं.

दोन महिन्यांनी खोकला सुरू झाला. छातीच्या फोटोत पांढऱ्या गोळ्या दिसल्या, वाटाण्याएवढ्या, दोन्ही बाजूंना. तीन-तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध सुरू झालं. त्यांना दिवसभर उलट्या व्हायच्या. केस विरळ झाले. मी त्यांना बजाजनगरला आमच्याकडं घेऊन आले, कारण जाऊ लहान बाळात अडकलेली. पार्लर अर्धवेळ बंद केलं. आतल्या खोलीत त्या आणि पडद्यापलीकडं गिऱ्हाईक. कुणी जोरात हसलं तर त्या मला हाक मारायच्या, "काय म्हणाली गं ती?"

चौथं सलाईन झाल्यानंतरची गोष्ट. त्यांनी हाताचे दोन्ही अंगठे माझ्यापुढं धरले. "ह्या पायऱ्या कशाच्या?"

नखांवर आडव्या खाचा होत्या, एकीच्या वर एक. खिडकीजवळ नेऊन बघितलं तर बोटाला लागत होत्या.

मला त्या काय आहेत ते माहीत होतं. "उद्या डॉक्टरांना विचारू," मी म्हटलं.

"डॉक्टरला कशाला? तुला कळतं म्हणतेत ना लोक." त्या टोमणा मारत होत्या की खरंच विचारत होत्या ते मला समजलं नाही. "सांग की."

मग मी सांगितलं. सलाईनचं औषध अंगात गेलं की नख वाढायचं थांबतं. दोन-चार दिवसांनी पुन्हा वाढायला लागतं. म्हणून प्रत्येक सलाईनची एक खाच. "ही टोकाकडची पहिली, धम्मचक्र दिनाच्या आधीची. ही दिवाळीतली. ही मागची." मुळाशी कातडीखालून चौथी नुकती वर येत होती.

त्यांनी बोटाच्या टोकानं एकेक खाच चाचपली. "म्हणजे दरवेळी मी थोडी थोडी थांबते अन् पुन्हा चालू व्हते."

"तसंच."

"किती वेळा व्हईल असं?"

डॉक्टरांनी सहा सांगितली होती. मी सहा म्हटलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी डॉक्टरांना ते अंगठे दाखवले. खाचा औषधाच्याच आहेत, त्यांची काळजी नको, असं ते म्हणाले. मग त्यांनी छातीचा नवा फोटो दिव्यावर लावला. गोळ्या वाढल्या होत्या. औषधाचा उपयोग होत नव्हता. पाचवं सलाईन दिलंच नाही.

आत्याबाई माघ महिन्यात गेल्या. शेवटचे पंधरा दिवस ऑक्सिजनची नळी होती, आणि श्वासापुढं त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. त्यांनी मला माफ केलं, असं काही घडलं नाही. जाण्याच्या आदल्या सकाळी मी त्यांचं अंग पुसत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "पाण्यात हात घालून बघ. लई गार हाय." मी पाणी बदलून आणलं. तेवढंच.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी पाहुणे जेवून गेल्यावर मी नणंदेला स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. पहिल्या मंगळवारपासून. ती ताटं विसळत होती. माझं बोलणं संपेपर्यंत तिनं नळ बंद केला नाही. मग हात पुसले, मुलीला हाक मारली आणि निघून गेली. त्याला आता वर्ष होत आलं. कामापुरता फोन करते. वहिनी म्हणते, पण घरी येत नाही. तिनं यावं असं मी तिला कोणत्या तोंडानं म्हणू?

पार्लर मी बंद करणार होते. केलं नाही, कारण दुसरं काही येत नाही. आता मी कुणाच्याही हातापायाला रंग लावायच्या आधी सगळी नखं उघडी करून खिडकीच्या उजेडात बघते. काही बायकांना ते आवडत नाही. एका मॅडमच्या अनामिकेवर रेघ होती, मी डॉक्टरांना दाखवायला सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही डॉक्टर आहात का? उगाच घाबरवता." त्या पुन्हा आल्या नाहीत. दुसऱ्या एकीनं खरंच जाऊन दाखवलं. साधी रेघ निघाली. सावळ्या माणसांच्या नखांवर अशा फिकट रेघा पुष्कळ असतात आणि बहुतेक काही करत नाहीत, असं डॉक्टरांनी तिला समजावलं. ती माझ्यावर चिडली होती. चार दिवस तिला झोप नव्हती म्हणाली. चिडलेली चालते मला.

जालना रोडवरच्या त्या डॉक्टरबाईंना मी नंतर एकदा भेटले. त्यांनीच सुचवलं की पार्लर चालवणाऱ्या बायकांना गोळा करा, त्यांच्या डोळ्यांखालून जेवढी नखं जातात तेवढी आमच्याही जात नाहीत. मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहाराच्या हॉलमध्ये आम्ही जमलो. नऊ बायका आल्या. डॉक्टरांनी फोटो दाखवले आणि सोप्या भाषेत सांगितलं. एकाच बोटावरची रेघ, रुंद होत जाणारी, रंग सारखा नसलेली, मुळाशी कातडीवर उतरलेली, पुढं न सरकणारी. अशी दिसली की रंग लावायचा नाही, पाठवायचं.

मग मला बोलायला सांगितलं. मी उभी राहिले आणि मंगळवारची गोष्ट सांगितली. सासू म्हणून सांगितली, गिऱ्हाईक म्हणून नाही. बोलताना मी खुर्चीची पाठ धरली होती.

मागच्या रांगेत शहरातून आलेली, बुरखा मागं सारून बसलेली एक तरुण मुलगी होती. नुकतंच घरात पार्लर टाकलेली. तिनं हात वर केला. "ताई, एक पूछू? बुरा मत मानना. तुमको तो दर महिन्याला दिख रहा था ना. तो कायकू नै भेजे?"

डॉक्टर माझ्या मदतीला काहीतरी बोलणार होत्या, मी त्यांना थांबवलं.

"मला विचारायची लाज वाटली," मी म्हटलं. "सगळे म्हणायचे मला नखावरून कळतं. मला कळत नाही, असं कुणापुढं म्हणायचं नव्हतं. आणि त्या मंगळवारी येत होत्या ते मला हवं होतं. रंग थांबवला असता तर त्या आल्या नसत्या, असं वाटायचं."

मुलीनं मान डोलावली. वहीत काहीतरी लिहिलं. मग कुणीतरी विचारलं की बुरशीचं नख आणि हे, यातला फरक कसा ओळखायचा, आणि डॉक्टर पुन्हा फोटो दाखवायला लागल्या. मी खाली बसले. चहा आला होता.